बेलवलीची गॅलरी

"लग्न झालंय का त्याचं?"

चांगला फुटबॉल खेळणारा पोरगा दिसला की आमच्या सेक्रेटरींचा पहिला प्रश्न हा असे. पोरगा कोणत्या पायानं खेळतो, दम किती आहे, डोकं चालतं का, हे सगळं नंतर. हा प्रश्न विचारताना ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घेत आणि उत्तर येईपर्यंत पुसतच राहत. 'झालंय' असं कळलं की चष्मा मुकाट्यानं डोळ्यांवर चढे. 'नाही अजून' म्हटलं की ते माझ्याकडे बघून हळूच म्हणत, "मग जमेल."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल. कुठे भजनी मंडळ असतं, कुठे नाटकाची संस्था, कुठे वाचनालय. त्यापायी आयुष्य घालवणारा एक जण असतो आणि बाकीचे आपण त्याच्या जिवावर हौशी असतो. आमच्याकडे फुटबॉलचा क्लब होता, एवढाच फरक.

ते अंबरनाथला एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते आणि मी तिथेच ड्रॉइंग ऑफिसात. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. क्लबात पोरं अंबरनाथची, बदलापूरची आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारची. मी लेफ्ट बॅक खेळत असे. कसा खेळत असे ते पुढे कळेलच.

आमचं दुखणं एकच होतं. पोरगा आम्ही तयार करायचा आणि मुंबईच्या ऑफिसांच्या टीमनी तो उचलून न्यायचा. मॅच चालू असताना एखादा सफारी सूटवाला अनोळखी माणूस येऊन उभा राही. टाळ्या वाजवत नसे, ओरडत नसे, नुसता बघे. "आला सफारीवाला," अशी कुजबुज आमच्यात सुरू होई. पुढच्या वर्षी आमचा सेंटर-फॉरवर्ड मुंबईच्या कुठल्या तरी ऑफिसात चिकटलेला असे आणि त्याच ऑफिसाकडून खेळत असे. त्याला नावं कुणी ठेवायची? नोकरी म्हणजे नोकरी.

सेक्रेटरी मात्र आजारी माणसासारखे आठवडाभर गप्प गप्प असत. अशाच एका आठवड्यानंतर कॅन्टीनमध्ये ते एकदम म्हणाले, "नोकरी देणं आपल्या हातात नाही. सासर देणं आहे."

मला आधी कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्याचं सासर चालत जाण्याच्या अंतरावर असेल, त्याचा पाय गावातून निघत नाही. बायको म्हणते आई इथे आहे, सासू म्हणते नातवाला कोण बघणार, सासरा जागा मिळवून देतो. सफारीवाला एकटा पडतो. "बॉलला मार्किंग करून भागत नाही," ते म्हणाले, "माणसाला करावं लागतं."

आणि खरोखरच त्यांनी लग्नं जमवायला सुरुवात केली.

आमचा गोलकीपर किशन सिंधी होता. त्याच्यासाठी ते कॅम्प चारमध्ये एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे गेले. मीही बरोबर होतो. गादीवर बसून सेक्रेटरी आपल्या हिंदीत म्हणाले, "साईं, लडका बहुत अच्छा है. हवा में से आया हुआ कुछ भी छोडता नहीं."

"वो तो ठीक है. धंधा क्या करता है?"

"गोलकीपर है."

"हां, पर धंधा?"

किशनच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं म्हणून निभावलं. लग्न झालं. त्या व्यापाऱ्यानं पुढे कित्येक वर्षं आमच्या जर्सीचं कापड दिलं. सेक्रेटरी ते कापड हाताला लावून बघत आणि म्हणत, "हुंडा घेऊ नये, पण हे चालतं."

माझं लग्न माझ्या आई-वडिलांनीच जमवलं. मला कुणी सफारीवाला पळवून नेईल, अशी भीती सेक्रेटरींना कधी वाटलीच नाही. तेव्हा मला याचं फार लागलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबातून निसटली. सासू. मॅच रविवारी दुपारी आणि जावयाला जेवायला बोलावणंही रविवारीच. पोटभर पुरणपोळ्या आणि वर वाटीभर तूप हाणून आलेले आमचे जावई हाफ टाइमपर्यंत धापा टाकायला लागत. तो सीझन आम्ही सपाटून हरलो. मग सेक्रेटरी घरोघर हिंडले. "मॅचच्या दिवशी वरण-भातावर ठेवा त्याला," ते हात जोडून सांगत.

"अहो, जावयाला वरण-भात वाढू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या," एक सासूबाई म्हणाल्या.

"मॅच झाल्यावर वाढा काय ते."

सासवांनी हे शब्दशः घेतलं. त्या डबे घेऊन ग्राउंडवरच यायला लागल्या. त्यांच्याबरोबर मेव्हणे, मेव्हण्या, शेजारपाजार. आमच्या मॅचला प्रेक्षक असे सुरू झाले. आता या माणसांना बसवायचं कुठे, हा प्रश्न आला आणि तिथूनच गॅलरीचं वेड सेक्रेटरींच्या डोक्यात शिरलं.

आमचं ग्राउंड म्हणजे काय, तेही सांगायला हवं. बदलापूरला पश्चिमेकडे बेलवलीत तात्या नावाच्या शेतकऱ्याचं भाताचं शेत होतं. भात कापून, झोडून झालं की मधले लहान बांध मोडून, बैल लावून दगडी रूळ फिरवायचा. मग उन्हाळा संपेपर्यंत ते ग्राउंड. पाऊस सुरू झाला की पुन्हा शेत. कापलेल्या भाताची धसकटं कितीही खुरपली तरी राहायची. बाहेरच्या टीम नडग्या सोलून घरी जायच्या आणि पुन्हा यायला कुरकुरायच्या.

भाड्याऐवजी आम्ही लावणीला जायचो. सगळी टीम चड्ड्या वर करून चिखलात. त्यातही सेक्रेटरींचा नियम होता. ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर रोपं लावायची. गोलकीपरनं गोलपाशी, विंगवाल्यानं कडेनं, मी डाव्या कोपऱ्यात. "आपली जागा पायांना कळली पाहिजे," असं ते पाण्यात उभं राहून सांगायचे. गावच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. माझी रोपं वाकडी लागत आणि तात्यांची बायको ती उपटून पुन्हा लावत असे.

तात्यांचा धाकटा मुलगा काशिनाथ आमच्याच क्लबात मोठा झाला. असा डावा पाय मी पुन्हा पाहिला नाही. त्याच्याकडे चेंडू आला की बांधावरची माणसं बोलायची थांबत. मी सरावात त्याच्या समोर खेळायचो आणि तो माझ्या कुठल्या बाजूनं गेला हे मला नंतर विचारावं लागे.

गॅलरीसाठी पश्चिमेकडचा मोठा बांध ठरला. उन्हं पाठीवर येतात म्हणून. तात्यांनी आधी नकारार्थी मान हलवली. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "सेक्रेटरी, मना फुटबॉल कलत नाय. बिल्डर फेऱ्या मारतान, भाऊबंद मागं लागलेत शेत इका इका करून. पन पोरगा हितं खेलतंय तवर शेत तुमचा. बांधावर काय करायचा तो करा."

मग आमचे रविवार दगड वाहण्यात गेले. डोंगराकडच्या खाणीवाल्याचा भाचा आमच्याकडे राखीव खेळाडू होता. दगड तिथून आले. पहिल्या वर्षी एक पायरी झाली, मग दुसरी. पायरी झाली की सेक्रेटरी पुढे उंच किशनला बसवत आणि मागे आपल्या बायकोला. "दिसतं का गं?" काकू म्हणत, "किशन दिसतो." मग दगड पुन्हा काढायचा.

"गॅलरी झाली ना," ते मला म्हणत, "की पोरं जाणार नाहीत बघ. बाहेरची टीम येईल, माणसं बसलेली दिसतील. कपडे बदलायला खोली करू, पाण्याचा पंप घेऊ, गवत बारा महिने ठेवू. असं ग्राउंड सोडून कोण जातं?" ते हे अगदी मनापासून बोलत आणि मीही मनापासून ऐकत असे. आज कुणी हसेल. तेव्हा हसू येत नव्हतं.

पुढे एक प्रसंग घडला आणि त्यानंतर सेक्रेटरी थोडे बदलले.

सदा नावाचा आमचा हाफ-बॅक होता. काशिनाथ तयार होण्याआधी आमची टीम त्याच्यावर चालायची. सेक्रेटरींनी त्याचं लग्न अंबरनाथमध्येच, माझ्या घरामागच्या गल्लीत जमवलं. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात त्याला कामाला लावलं. काही वर्षांनी तो कारखाना बंद पडला. सदाचा गुडघाही गेला आणि तो सासऱ्याच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागला.

एका सकाळी सेक्रेटरी माझ्याकडे आले होते. आम्ही दोघं माझ्या गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. सदा आत पट्टा चढवत होता. त्याच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसलं होतं. "या काका," म्हणून तो हसला. बाहेर डबे लावून घ्यायला त्याची बायको होती. तिनं आमचा डबा घेतला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांना मुंबईहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं?"

सेक्रेटरींना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "होतं."

"तरीच घाई केलीत."

ती रागावली नाही. तिनं गहू दळून आणले, डब्याचं झाकण नीट दाबून लावून दिलं. परतताना डबा सेक्रेटरींनीच उचलला. माझ्या दारापर्यंत आले आणि चहा न घेता निघून गेले. त्यानंतर त्यांनी कुणाचं लग्न जमवलं नाही.

आणि मग त्यांच्या घरातच लग्नाचा विषय निघाला.

त्यांना एकच मुलगी, सुषमा. बालवाडीत शिकवायची. तिनं एका संध्याकाळी आई-वडिलांना सांगितलं की तिला काशिनाथशी लग्न करायचं आहे. मी पुढच्या मॅचचं ठरवायला गेलो होतो, उठायला लागलो तर काकूंनीच "बसा हो, तुम्ही काय परके?" म्हणून बसवलं. त्यांना आपल्या बाजूनं कुणीतरी हवं असावं.

"आपल्यातला नाही तो," काकू म्हणाल्या. "शेतावरचं घर. हिला जमणार आहे का?"

"त्याचा डावा पाय बघितलायस का तू?" सेक्रेटरी म्हणाले.

सुषमा हसली. मग एकदम गंभीर झाली. "बाबा, त्याला मुंबईहून विचारलंय. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. तो तुम्हाला सांगायला घाबरतोय. तुम्ही राहा म्हणालात तर तो राहील. तुमचा शब्द तो मोडणार नाही. म्हणून मीच विचारते. काय सांगणार आहात त्याला?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं. क्लबानं सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडून खेळता येत नसे आणि सोडायची सही सेक्रेटरींची. काशिनाथ राहिला तर टीम राहणार होती, आणि तो खेळतोय तोवर तात्यांचं शेत राहणार होतं. गॅलरीची शेवटची पायरी तेवढी बाकी होती. इतकी वर्षं ज्याच्यामागे ते धावले, ते सगळं घरबसल्या, जावयाच्या रूपानं दारात आलं होतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कमिटीची माणसं जमलो. बातमी पसरली होती. किशन तर पेढेच घेऊन आला होता. "काका, लॉटरी लग गयी! घर का जमाई! अब किधर जाएगा?"

"मुंबईला जाईल," सेक्रेटरी म्हणाले. "मी सही करतोय."

मीच विचारलं, "आणि ग्राउंड?"

"ग्राउंड तात्यांचं आहे."

"और क्लब, काका? इतना साल का मेहनत?" किशनचा आवाज चढला.

सेक्रेटरी त्याच्याकडे वळले. "तू सदाच्या गिरणीत गेलायस कधी? त्याच्या भुवया बघ एकदा." मग म्हणाले, "त्याला मी थांबवला रे. तो इथे दगड वाहत होता आणि मला वाटत होतं, क्लब मोठा होतोय."

पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला.

तात्यांना सांगायला ते स्वतः गेले. मी सोबत होतो. तात्यांनी ऐकून घेतलं. विडी विझली तरी तोंडात तशीच होती. "तुमी सही नका करू," ते म्हणाले. "मंग पोरगा हितंच रातो."

"नको तात्या. जाऊ दे त्याला."

"मंग शेत माज्या हातान रानार नाय. आदीच सांगतो."

"ठाऊक आहे मला," सेक्रेटरी म्हणाले. दोघं बराच वेळ बांधावर शेजारी शेजारी बसून राहिले. आता ते व्याही होणार आहेत हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

त्याच महिन्यात सेक्रेटरींनी आम्हाला शेवटच्या पायरीच्या कामाला लावलं. मला राग आला. "आता कशाला?" मी म्हटलं.

"लग्नाला माणसं येतील. बसतील कुठे?"

लग्न त्या शेतातच झालं. भात निघालं होतं, रूळ फिरला होता. मांडव दोन गोलांच्या मध्ये घातला. सेक्रेटरी वधूपिता, पण त्यांचा अर्धा जीव मांडवाच्या खांबांकडे. "पेनल्टीच्या जागेत खोल खणू नका," ते मांडववाल्याला सांगत होते. अक्षता पडल्या तेव्हा मी वर बघितलं. गॅलरीच्या सगळ्या पायऱ्या भरल्या होत्या. बेलवलीची माणसं, कारखान्यातली, कॅम्प चारची, आमच्या सासवा, सदा आणि त्याची बायको. आमच्या मॅचला ती गॅलरी अशी कधी भरली नव्हती. सेक्रेटरींनीही एकदा त्या बाजूला बघितलं आणि पटकन मान खाली घातली.

दोन वर्षांत भाऊबंदांनी शेत विकलं. तात्या सांगायला आले तेव्हा रडले. गॅलरीचे दगड बिल्डरनं इमारतींच्या पायात भरले. क्लब काही दिवस इकडच्या तिकडच्या मैदानांवर भटकला; सेक्रेटरी दर रविवारी नवी जागा शोधून आणत आणि पोरं दर रविवारी कमी होत. शेवटी टीम भरेना. क्लब बंद झाला असं कुणी जाहीर केलं नाही. एका रविवारी कुणीच आलं नाही, इतकंच.

सेक्रेटरी निवृत्त झाल्यावर फार जगले नाहीत. मला ते गेले त्या दिवशीचे आठवत नाहीत. मला आठवतात ते त्याच्या आदल्या वर्षीचे. काशिनाथच्या ऑफिसची मोठी मॅच मुंबईत होती आणि त्यानं आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं होतं. प्रचंड सिमेंटची गॅलरी, खाली हिरवं गार मैदान. त्या गवतात एक धसकट नव्हतं. सेक्रेटरी धोतराच्या घड्या सावरत बसले आणि बराच वेळ मॅचऐवजी मैदानाकडेच बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

हाफ टाइमच्या आधी काशिनाथनं डाव्या पायानं गोल केला. सगळी गॅलरी उठली. सेक्रेटरीही उठले, टाळ्या वाजवायला लागले आणि थांबेचनात. शेजारच्या माणसानं कौतुकानं विचारलं, "आजोबा, तुमचा कोण हा? मुलगा का?"

मला वाटलं, आता ते 'जावई' म्हणतील. तसं म्हणायचा त्यांचा हक्क होता.

"आमच्या क्लबचा आहे," ते म्हणाले.

"कुठला क्लब?"

त्यांनी नाव सांगितलं. मग बदलापूरला पश्चिमेकडे उतरून बेलवलीला कसं यायचं, कुठे वळायचं, तेही हातवारे करून नीट सांगितलं. त्या जागी तेव्हा चार मजली इमारती उभ्या होत्या, माणसं राहायला आली होती, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

"या एकदा रविवारी," सेक्रेटरी त्याला म्हणाले. "उभं राहावं लागणार नाही. आम्ही बसायची सोय केलीय."

तो भला माणूस 'नक्की येतो' म्हणाला.